उपकारस्तुती आणि उतराई : पंडिता रमाबाईंच्या साक्षीतील कृतज्ञतेचे स्वरूप

बीजसंज्ञा : पंडिता रमाबाई, साक्ष, उपकारस्तुती, दुष्काळ, मुक्ती सदन, मराठी ख्रिस्ती आत्मकथन, लक्ष्मीबाई टिळक

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती उपासनेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द रूढ आहे. देवाने केलेले उपकार आठवून त्याची स्तुती करणे, असा त्याचा सरळ अर्थ. मंडळीबाहेरच्या मराठीत मात्र हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तेथे ‘आभार’, ‘ऋण’, ‘उपकार’, ‘उतराई’ हे शब्द चालतात आणि त्या प्रत्येकामागे देण्याघेण्याचा एक हिशेब उभा असतो. ‘कृतज्ञ’ हा संस्कृत शब्द या सर्वांहून वेगळा आहे. जे केले गेले आहे ते जाणणारा तो कृतज्ञ. या व्युत्पत्तीप्रमाणे कृतज्ञता ही मुळात भावना नसून एक जाणीव आहे, म्हणजेच स्मृतीचे एक काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा, तो या कारणाने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठी ख्रिस्ती समाजातून जी आत्मकथने पुढे आली, त्यांत दुःख आणि कृतज्ञता या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८), पंडिता रमाबाईंची १९०७ मधील इंग्रजी साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही त्यांपैकी सर्वपरिचित उदाहरणे होत. प्रस्तुत निबंधात मुख्यतः रमाबाईंचा विचार केला आहे. लक्ष्मीबाईंचा उल्लेख तुलनेपुरता आला आहे.

या विषयाकडे मुकुटबन परिसरातून पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. यवतमाळ जिल्हा गेली अनेक वर्षे शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात देशभर ओळखला जातो. कापसाचा भाव, कर्ज आणि पावसाचा लहरीपणा यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाला ‘जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा’ असे सांगणे हा उपदेश की उपहास? श्रद्धेने दिलेली कृतज्ञता माणसाला दुःखाकडे डोळेझाक करायला शिकवते, असा आक्षेप धर्मचिकित्सक नेहमी घेतात आणि तो निराधार नाही. रमाबाईंच्या चरित्राची साधने मात्र वेगळे सांगतात. त्यांची कृतज्ञता दुःख विसरून आलेली नाही. ते तपशिलाने आठवूनच ती आली आहे. आणि तिच्यामुळे त्या कोणापुढेही मिंध्या झाल्या नाहीत.

दुष्काळाची स्मृती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान कर्मठ ब्राह्मण. पण स्त्रीला संस्कृत शिकवू नये हा रूढ दंडक त्यांनी मोडला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना स्वतः शिकविले. त्यावरून स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला, तरी ते बधले नाहीत. पुढे या लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना पहाटे उठवून पुराणे पाठ करून घेतली. आश्रम मोडल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गावोगाव फिरू लागले. अशा भटक्या पुराणिकाचे उत्पन्न हे लोकांच्या घरातील धान्यावर अवलंबून असते. लोकांची कणगी रिकामी झाली की पुराणिकाची पाने आधी उलटी पडतात.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात नेमके तेच घडले. जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे एकेक करून विकली गेली. विद्वान घराण्याला मजुरी करण्याची लाज वाटत होती आणि भीक मागण्याचीही. देवळांतील अनुष्ठाने, दाने, उपवास सर्व करून झाले. अखेर हे सर्वजण अरण्यात गेले व अनेक दिवस पाने आणि रानफळे खाऊन राहिले. वृद्ध आणि दृष्टी अधू झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास याने आपण मोलमजुरी करू, पण हे होऊ देणार नाही, असे सांगितले. तरीही थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. श्रीनिवासाबरोबर रमाबाईंनाही खांदेकरी व्हावे लागले आणि उंची कमी पडल्यामुळे तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला.

हा तपशील रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तो कोणत्या हेतूने लिहिला हे येथे महत्त्वाचे आहे. सामान्यतः धर्मांतराच्या कथनात पूर्वायुष्य हा अंधार व उत्तरायुष्य हा प्रकाश, अशी ठरीव मांडणी असते. रमाबाईंच्या साक्षीतही ती आहेच. मूर्तिपूजा, तीर्थे व व्रते यांचे वैफल्य त्या कठोरपणे सांगतात. परंतु त्याच लेखनात वडिलांच्या अखेरच्या क्षणांचे जे वर्णन येते ते निंदेचे नाही. ज्या देवाला ते धड ओळखत नव्हते असे त्यांना नंतर वाटले, त्याच देवाच्या हाती आपल्या धाकट्या मुलीला सोपवून ते गेले, ही आठवण त्या ख्रिस्ती झाल्यानंतरही जिवापाड जपतात. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दास्याचे आरोपपत्रच आहे. त्याची अर्पणपत्रिका मात्र आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीला आहे. धर्म सोडला, पण त्या धर्मात राहून ज्यांनी आपल्याला अक्षर दिले त्यांचे देणे नाकारले नाही. ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली कृतज्ञता जुन्या घराचा द्वेष शिकवते, असे मानणाऱ्यांनी आणि तसे शिकवू पाहणाऱ्यांनीही, ही अर्पणपत्रिका ध्यानात घेतली पाहिजे.

भाऊ आणि बहीण यानंतर पायी उत्तरेकडे गेले. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यांत अंगावर वाळू ओढून ती दोघे पडून राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्यावर तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. तो जातीबाहेरचा होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने गेले. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंत या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावले होते. उरली ती तान्ही मुलगी आणि पाठ असलेले हजारो श्लोक.

श्रद्धा, उपकार आणि स्वत्व

पतीच्या घरी असतानाच रमाबाईंच्या हाती बंगालीतील लूककृत शुभवर्तमान आले होते. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याशी त्यांची चर्चाही झाली होती. पण पतीला ख्रिस्ती होण्याची कल्पना रुचली नव्हती. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिली, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या घटनेआधीच्या एका शोकांतिकेकडे चरित्रकार बहुधा घाईने पाहतात. रमाबाईंबरोबर इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वाँटेज येथे आत्महत्या केली. तोच प्रवास, तेच घर, तीच प्रार्थना, परकेपणाचे तेच ओझे. एक बाई तगली, दुसरी तगली नाही. या मृत्यूचे स्पष्टीकरण श्रद्धेच्या बळात किंवा अभावात शोधणे अन्यायाचे होईल. श्रद्धा म्हणजे संकटावरचा हमखास उतारा, असे रमाबाईंच्या चरित्रावरून सिद्ध करू पाहणाऱ्या भाविक लेखकांना आनंदीबाईंचे नाव गाळावे लागते. इतिहासाला ते गाळता येत नाही.

इंग्लंडमध्ये रमाबाईंवर उपकार करणारे अनेक होते : सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील, निवारा देणारे भगिनीमंडळ. त्यांच्याविषयी रमाबाईंची कृतज्ञता पत्रांतून वारंवार व्यक्त होते आणि त्याच पत्रांतून त्या त्यांच्याशी भांडतातही. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्याखेरीज स्वीकारणार नाही, असे त्या कळवितात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांत बोलले आहे, येथे मला कोणी का अडवावे, असा त्यांचा रोख होता. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, हाही वाद त्यांनी घातला. त्या शाकाहारी राहिल्या आणि पेहरावही आपलाच ठेवला. उपकार घेतला म्हणजे मान तुकवलीच पाहिजे, हे समीकरण त्यांनी मानले नाही. उपकारकर्ते यामुळे दुखावले गेले, हे जेराल्डिनबाईंच्या पत्रांवरून उघड दिसते. त्यांच्या दृष्टीने ही कृतघ्नता होती. आजही आश्रित व्यक्तीने प्रश्न विचारला की आश्रयदात्याला असेच वाटते.

पुण्यातही वेगळे घडले नाही. धर्मांतराची वार्ता आल्यावर ज्यांनी त्यांचा सत्कार केला होता त्यांतील अनेकांनी पाठ फिरविली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून (१८८५) त्यांची बाजू घेतली, हा सन्माननीय अपवाद. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले, सल्लागार मंडळातील सुधारकांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला खरा आंतरिक पालट अनुभवास आला, असे रमाबाई साक्षीत सांगतात. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे, असा त्यांचा त्या काळाविषयीचा निष्कर्ष होता. या अनुभवाची चिकित्सा इतिहासाच्या साधनांनी करता येणार नाही व करूही नये. मात्र त्यानंतरच्या लेखनात एक बदल निश्चित दिसतो. पूर्वी त्या सिद्धांतांशी झगडत होत्या. आता त्या उपकार मोजू लागतात, आणि मोजताना लहानपणापासूनचे सर्व दुःख पुन्हा हिशेबात घेतात.

मध्य प्रांत, १८९६-९७

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. ही बातमी पुण्यात वाचताना रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे अरण्य आठवले. आपले आईवडील ज्या मृत्यूने गेले त्याच मृत्यूच्या दारात हजारो स्त्रिया आणि मुली उभ्या आहेत, हे कळल्यावर त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रांच्या आसपास निराधार मुलींना फसवून नेणारे लोक वावरत होते, याचे वर्णन त्यांनी केले आहे. आधी मोजक्या मुली आणाव्यात असा विचार होता. प्रत्यक्षात ही संख्या सुमारे ३०० पर्यंत गेली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवण्यास सरकारी मनाई होती. सुदैवाने केडगाव येथे त्यांनी शाळेच्या उत्पन्नासाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तात्पुरत्या निवाऱ्यांत या मुलींना ठेवण्यात आले. हेच पुढे मुक्ती सदन झाले.

निबंधाचा मुख्य मुद्दा येथे येऊन भिडतो. रमाबाईंच्या मनात या कृतीचे स्वरूप दया असे नव्हते. आपण त्या वेळी वाचलो आणि आई वाचली नाही. वाचलेल्याने वाचविलेच पाहिजे, हा त्यामागचा भाव आहे. मराठीत ज्याला उतराई होणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की ज्याचे देणे आहे त्या ईश्वराला परत देता येत नाही, म्हणून ते तिसऱ्याला द्यायचे. उपकारस्तुतीचा उतराईशी जोडलेला हा सांधा भक्तिपरंपरेला अपरिचित नव्हता. परंतु दुष्काळग्रस्त, जातीबाहेरच्या, कोणाच्याही नसलेल्या मुलींच्या रूपाने तो संस्थेत उतरविणे ही नवी गोष्ट होती. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीत मात्र दुष्काळाने जातीचा प्रश्नच बाजूला सारला.

सरकारी मदतीविषयीही त्या गप्प बसल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. देवाचे आभार मानणारी व्यक्ती सरकारचे आभार मानीलच असे नाही.

१८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या दुसऱ्या दुष्काळाची झळ वऱ्हाडालाही तीव्रतेने बसली. मुकुटबन तेव्हा वणी तालुक्यात होते आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वूण जिल्हा’ या नावाने ओळखला जात असे. पैनगंगेकाठच्या या पट्ट्यात नगदी कापूस होता, पण पोटाला ज्वारी हवी होती. पैसा देणारे पीक आणि रिकामी कणगी हे या भागाचे दुखणे त्या काळापासूनचे आहे. जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनचे कार्य या सुमारास रुजत होते. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट आणि फिबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये बऱ्हाणपुरास आले होते आणि पुढे यवतमाळ हे त्या मिशनचे प्रमुख ठिकाण बनले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेली, एवढा उल्लेख येथे पुरे.

साधनांची मर्यादा

मुक्तीसंबंधीच्या लेखनात वाचविलेल्या मुलींच्या कृतज्ञतेची वर्णने पुष्कळ आढळतात. १९०५ मध्ये तेथे जे धार्मिक जागरण झाले, रात्ररात्र प्रार्थना चालल्या, त्याची तर जगभर चर्चा झाली. परंतु ही वर्णने बहुतांशी देणगीदार वाचकांसाठी लिहिलेली होती. अन्न देणाऱ्याच्या घरात राहून ‘मी आभारी आहे’ असे म्हणणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या शब्दाला पुरावा म्हणून किती वजन द्यावे? पळून गेलेल्या, न जुळवून घेतलेल्या, मनातून जुनेच देव आठवणाऱ्या मुलींचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत. ज्या रमाबाईंनी स्वतः आश्रितपणाचे दडपण झुगारले, त्यांच्याच संस्थेतील आश्रितांचा आवाज क्षीण असावा ही खेदाची बाब आहे. रमाबाईंची स्वतःची साक्षही घटनांनंतर सुमारे तीस वर्षांनी, श्रद्धा दृढ झाल्यावर लिहिलेली आहे; मागील प्रत्येक वळणात ईश्वराचा हात पाहण्याची तिची दृष्टी उत्तरकालीन होय. तरीही तिरडीचा भार, झेलमची वाळू असे तपशील कोणत्याही धर्मसिद्धांताच्या सोयीसाठी लिहिले जात नाहीत. प्रस्तुत लेखिकेला साक्षीचा तोच भाग सर्वाधिक विश्वसनीय वाटतो.

लक्ष्मीबाई टिळक : एक तुलना

लक्ष्मीबाईंची वाट निराळी आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हा आघात न मागता मिळाला. त्या काही वर्षे मुलासह पतीपासून दूर राहिल्या, बहीण भिकूताई व मेहुणे पेंडसे यांच्या आधाराने; पुढे नगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त देवाचे आभार मानणारे परिच्छेद शोधावे लागतात. तेथे आहेत ती माणसे : रागावणारी, जेवू घालणारी, सोवळे सांभाळून चोरून मदत करणारी. धर्म बदललेल्या पतीच्या पत्नीला ज्या नातलगांनी सांभाळले ते स्वधर्मातच राहिले, आणि लक्ष्मीबाई त्यांच्यावर हसत हसत माया करतात. रमाबाईंच्या लेखनात विनोद नाही. लक्ष्मीबाईंना त्याखेरीज दुःख सांगताच येत नाही. उतराईचा प्रकार मात्र दोघींचा सारखाच आहे. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने ते पुढे लिहून पूर्ण केले.

अखेरची वर्षे

मुक्तीत रमाबाईंनी हाती घेतलेले सर्वांत दीर्घ काम म्हणजे बायबलचा मराठी अनुवाद. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रीला ती कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कलकत्त्याच्या पंडितांना जिने संस्कृतने चकित केले, तिनेच दुष्काळात सापडलेल्या मुलीला समजेल अशा शब्दांसाठी संस्कृत बाजूला ठेवले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात होत असे आणि कामाला मुक्तीतीलच स्त्रिया होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईचा भार पुढे वाहील अशी जिच्याविषयी अपेक्षा होती, ती चाळिसाव्या वर्षी गेली. पहिल्या दुष्काळापासून सुरू झालेल्या मृत्यूंच्या मालिकेतील हा शेवटचा आणि बहुधा सर्वांत जड आघात. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी अधू झाल्या होत्या, आणि भाषांतराचे काम संपत आले होते. ते त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी जुळविलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.